घरी घालायचा चांगला शर्ट

आम्ही चार म्हातारे रोज सकाळी सात वाजता कॉलनीच्या कट्ट्यावर बसतो. बोलायला नवीन काहीच नसतं. गुडघे कालच्याएवढेच दुखत असतात आणि पेपर सगळ्यांचा घरून वाचून झालेला असतो. तरी नऊ वाजता उठताना एखादी गोष्ट तयार झालेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगताना ती जरा वाढते. असं करत करत आता इतक्या गोष्टी साठल्या आहेत की माझी नात म्हणाली, "आजोबा, लिहून ठेवा. नाहीतर तुम्ही विसराल आणि मग नव्यानं बनवाल."

म्हणून लिहायला बसलो. शाळा सातवीपर्यंत झालेली, त्यामुळे सावकाश लिहितो. बोलतोही सावकाशच. कट्ट्यावर मी वाक्य सुरू केलं की निकम म्हणतो, "चला, तोवर चहा पिऊन येऊ."

चौघंही आम्ही एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होतो. मी कोळशाच्या पट्ट्यावर, निकम स्टोअरमध्ये, पगारे कँटीनमध्ये आचारी आणि वसंता बोराडे कंट्रोल रूममध्ये. रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली. आता जेलरोडच्या एकाच कॉलनीत राहतो.

इथल्या सगळ्या गोष्टी वसंताच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्याची बायको गेली. मालतीवहिनी. एकुलती मुलगी अर्चना पुण्याला असते. वसंता एकटा राहतो. त्याची इच्छा एवढीच होती की रोज जरा बरं जेवावं, अंगावर जरा बरे कपडे असावेत आणि त्यासाठी कुणाला धावपळ करायला लागू नये.

त्यासाठी आम्ही तीन महिने जी धावपळ केली, ती अशी.

*

आमच्या कामावर दर वर्षी युनिफॉर्मचं खाकी कापड मिळायचं. वाटप निकमकडे. "सही कर, मोजून घे, नंतर तक्रार चालणार नाही," असं म्हणून तो कापड हातात द्यायचा. आजही कट्ट्यावर कुणाला शेंगदाणे दिले तरी तो असाच देतो.

दोन जोड शिवून झाले तरी कापड उरायचं. मग घराघरांत त्याच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, मिक्सरची टोपी. वसंताच्या घरात तर पडदेसुद्धा खाकी. रिटायर झाल्यावरही तो उरलेल्या कापडाचे शर्ट शिवत राहिला. म्हणायचा, "कापड टिकाऊ आहे. मी आहे तोवर पुरेल."

दसऱ्याला अर्चनाचा व्हिडिओ कॉल आला. वसंता उजेड बघून खिडकीपाशी बसला. अंगात खाकी शर्ट, मागे खाकी पडदा. पलीकडे त्याची पाच वर्षांची नात. ती बराच वेळ बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

"काय झालं ग?" अर्चनाने विचारलं.

"आजोबांचं नुसतं डोकंच आहे."

तिची समजूत काढायला वसंताने हात वर केला.

"आणि एक हात," नात म्हणाली आणि आणखी जोरात रडली.

*

त्याच आठवड्यात अर्चना न कळवता येऊन थडकली. घरात आली आणि सरळ फ्रिज उघडला. आत तीन डबे. डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या: ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. तिन्हींत खिचडी.

ओट्यावर एक वही होती. कंट्रोल रूमला वसंताने तीस वर्षं तासातासाला रीडिंग लिहिलं. ती सवय हाताला राहिली होती. वहीत वेळ, पदार्थ आणि शेरा असे तीन रकाने आखलेले. अर्चनाने पानं उलटली. खिचडी, नॉर्मल. खिचडी, नॉर्मल. खिचडी, नॉर्मल. सहा महिन्यांत एकदाच शेरा बदलला होता: "मूगडाळ संपली. तूरडाळ घातली. नॉर्मल."

वही हातात घेऊनच ती कट्ट्यावर आली. आधी हसत होती, मग तिचे डोळे भरले.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

आम्ही तिघंही जमिनीकडे बघायला लागलो. माहीत होतं.

"मी संक्रांतीला येते," ती म्हणाली. "तोवर बाबा नीट जेवायला लागले आणि माणसासारखे कपडे घालायला लागले, तर राहू देत इथं. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि पुण्याला चलायचं. तिथं सगळं आयतं आहे."

 ती गेल्यावर वसंता म्हणाला, "अकरावा मजला आहे तिचा. खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी दिसतात. आणि आपली चिमणी दिसत नाही."

तो रोज सकाळी गच्चीवर जाऊन एकलहऱ्याच्या चिमणीचा धूर बघतो. धूर दिसला की म्हणतो, "चालू आहे." मगच चहा ठेवतो.

*

जेवणाचं काम पगारेने अंगावर घेतलं. म्हणाला, "चारशे माणसं जेवू घातली मी. हा एक माणूस म्हणजे काय लय मोठी गोष्ट नाय."

पण तीच मोठी गोष्ट निघाली. पगारेला एका माणसाचा स्वयंपाक कधी करायलाच लागला नव्हता. त्याच्या घरी त्याची बायको त्याला गॅसपाशी जाऊ देत नाही. एकदा ती माहेरी गेली असताना त्याने स्वतःपुरता चहा केला होता, तो तीन दिवस पुरला.

पगारेने कागद घेतला, चारशे माणसांच्या वांग्याच्या रश्शाचं सामान लिहिलं आणि सगळ्याला चारशेने भागत बसला. तेल निघालं, तिखट निघालं. हिंगापाशी अडला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "हिंगाचा डबा नुसता उघडायचा आणि झाकायचा. एवढाच येतोय वाट्याला."

केलेला रस्सा वसंताने खाल्ला आणि वहीत लिहिलं: "वांग्याचा रस्सा. नॉर्मल नाही."

पगारेला ते लागलं. दुसऱ्या दिवशी घरून मोठं पातेलं आणि हाताएवढा लांब डाव घेऊन आला. म्हणाला, "वसंता, मला चाळीस माणसांच्या खाली उतरता येत नाय. चाळीसचा करतो. तू त्यातलं तुझं काढून घे."

अंगणात विटा मांडून त्याने चाळीस माणसांचा रस्सा केला. वास एकलहऱ्यापर्यंत गेला असेल. वसंताने दोन वाट्या काढून घेतला. उरला अडतीस माणसांचा.

*

तो रस्सा आम्ही गल्लीत वाटला. घराघरांतून डबे मागवले आणि अठरा डबे भरून दिले. सगळीकडून निरोप आले, फार छान झाला होता.

आता आपल्याकडे शेजाऱ्याकडून काही आलं की उलट काहीतरी पाठवतात, आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. गल्लीतल्या बायकांनी वसंताच्या घरून काहीतरी आलं म्हणून त्याच डब्यांतून त्याच्याकडे पाठवायला सुरुवात केली. सोमवारी डाळवांगं आणि कढी. मंगळवारी थालीपीठ. बुधवारी शेवभाजी, एका घरून मासवड्या. आठवडाभर वसंता राजासारखा जेवला. वहीतला शेऱ्याचा रकाना भरून खाली सांडायला लागला. पगारे मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बघ. याला म्हणतात सिस्टीम."

आठवड्याच्या शेवटी वसंताच्या ओट्यावर अठरा डबे जमले. सगळे घासून पुसून ओळीत ठेवलेले. माणूस शिस्तीचा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे त्यालाही माहीत. आणि त्याला करता काय येतं, हे आम्हाला माहीत.

त्या दिवशी संध्याकाळी कॉलनीतल्या अठरा घरांत खिचडी होती.

पुढच्या आठवड्यात एकही डबा त्याच्याकडे आला नाही. माझ्या बायकोने, सुलोचनाने, त्याला बोलावून विचारलं, "भाऊजी, डब्यात चिमूटभर साखर घालून दिली असती तरी चाललं असतं की. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"ते काम मालती बघायची," वसंता म्हणाला.

*

कपड्यांचं काम निकमकडे होतं. त्याने आधी मागणीपत्र लिहिलं. शर्ट, फुल बाह्यांचे, नग दोन.  खाली वसंताची सही घेतली. मग आम्ही तिघं रिक्षाने शालिमारला एका दुकानात गेलो.

सेल्समन तिशीतला, गोड बोलणारा. "या काका, काय दाखवू? लग्न आहे का घरात?"

"नाही," वसंता म्हणाला.

"मग वाढदिवस? पार्टीवेअर दाखवू?"

"नाही. घरी घालायचाय."

सेल्समनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कुठं जाताना घालायचाय?"

"कुठं जाताना नाही. घरी बसल्यावर."

सेल्समनने हातातली घडी खाली ठेवली. "काका, घरी घालायला नवा शर्ट कोण घेतं? घरी जुना घाला की."

"जुने सगळे खाकी आहेत."

तेवढ्यात निकमने एक शर्ट उचलला. स्टोअरमध्ये माल तपासायचा तसा शिवणीवर ओढून बघितला, उजेडाकडे धरला, हुंगला आणि बोट ओलं करून रंग जातो का ते बघायला लागला. सेल्समनच्या कपाळावर घाम आला.

"साइज काय काका तुमची?"

वसंताने निकमकडे बघितलं. निकमने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला सुरुवात केली, पण मला वेळ लागतो.

"साइज मालतीला माहीत होती," वसंता म्हणाला.

सेल्समनने टेप काढून गळ्यापाशी धरली. त्यानंतर त्याने एकही जास्तीचा शब्द न बोलता एक आकाशी शर्ट आणि एक बारीक रेघांचा शर्ट काढून दिला. दोन्ही चांगले निघाले. बाहेर पडताना म्हणाला, "काका, घरी घाला बरं का. ठेवून देऊ नका."

*

वसंताने दोन्ही ठेवून दिले.

आठ दिवस झाले तरी अंगावर खाकीच. विचारलं की म्हणायचा, "कुठं जायचं असलं की काढू." निकम चिडला. म्हणाला, "माल उचलला आहे, वापर दिसत नाही. मला तपासणी करावी लागेल." आणि आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो.

वसंताने कपाट उघडलं. नवे शर्ट वरच्या कप्प्यात, मालतीवहिनींच्या साड्यांशेजारी ठेवले होते. निकम शर्ट काढायला गेला, तर त्याच्या हाताला साड्यांच्या मागचं काहीतरी लागलं. त्याने ते बाहेर ओढलं. शर्टच होता. टाचण्या लावलेला, गळ्यात पुठ्ठा. मागे आणखी एक होता. त्याच्या मागे आणखी.

नऊ निघाले. पांढरा, मोतिया, फिका हिरवा, रेघांचे, चौकटीचे. एकही घडी मोडलेली नव्हती.

वसंता पलंगावर बसला. म्हणाला, "दर वाढदिवसाला आणायची. मी म्हणायचो, ठेव, कुठं जायचं असलं की घालू. मला वाटलं, परत करून येत असेल."

 निकमने सवयीने शर्ट मोजून पलंगावर ओळीने मांडले आणि गळ्याच्या पट्टीवरचे आकडे वाचायला लागला. "चाळीस. चाळीस. बेचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. हे चव्वेचाळीस. परत बेचाळीस." शेवटच्या दोनांपाशी थांबला. "चाळीस, चाळीस."

"शुगर निघाली, तेव्हा बारीक झालो होतो," वसंता म्हणाला.

त्याने शेवटचा, मोतिया रंगाचा, हातात घेतला आणि एकेक टाचणी काढून ताटलीत ठेवायला लागला. सात टाचण्या निघाल्या. शर्ट अंगात घातला. बरोबर बसला. पगारेला आठवी टाचणी राहिल्याचा संशय होता, पण तो त्या वेळी बोलला नाही. वसंता खुर्चीत टेकला तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

*

आता रोज इस्त्रीचा शर्ट घालून वसंता अंगणात बसायला लागला. त्यातून नवीनच अडचण उभी राहिली.

सकाळी दूधवाला म्हणाला, "काका, कुठं निघालात?"

इस्त्रीच्या शर्टात माणूस घरी बसतो, हे आपल्याकडे कुणाला खरंच वाटत नाही. कुठेच नाही म्हणायची वसंताला लाज वाटली. म्हणाला, "जरा चौकात." आणि खोटं ठरू नये म्हणून चौकात जाऊन आला.

परत येऊन बसला, तर शेजारच्या जाधवबाई. "काय भाऊ, आज गावात वाटतं?" हा उठून पुन्हा बाहेर. दुपारी पोस्टमन, संध्याकाळी भाजीवाली. दोन आठवड्यांत वसंता देवळालीगावच्या बाजारापर्यंत पायी जायला लागला. पाय सुजले. कट्ट्यावर येऊन म्हणाला, "चांगले कपडे मला झेपत नाहीत रे. फार चालावं लागतं."

निकमने उपाय सांगितला. "कुणी विचारलं कुठं निघालात, तर सांगायचं, घरी."

"मी घरीच असतो तेव्हा विचारतात."

"म्हणून काय झालं? सांगायचं, घरी निघालोय."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारलं. वसंता आपल्याच दारात, आपल्याच खुर्चीत बसून म्हणाला, "घरी निघालोय." दूधवाल्याने मान हलवली. "बरं, सावकाश जा."

*

जेवणाचं मात्र अजून जमलेलं नव्हतं. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. मी सुलोचनाला म्हणालो, वसंताला आपल्याकडेच जेवायला बोलावू. तिलाही तेच वाटत होतं.

पहिल्या दिवशी तिने पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी पुरी, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी. तिसऱ्या दिवशी गुलाबजाम. चौथ्या दिवशी वसंता आलाच नाही. मी बोलवायला गेलो तर आडवा पडलेला.

"नामदेव, वहिनींना सांग, रोज दिवाळी मला सोसत नाही."

मी सुलोचनाला म्हणालो, "आपण खातो तेच दे त्याला."

ती उखडली. "पाहुण्याला पिठलं वाढू? काय म्हणतील ते?"

"तो पाहुणा नाही."

एवढ्याचा तिने रात्रभर विचार केला असावा. सकाळी मला न सांगता वसंताच्या घरी गेली. तो जेवायला बसत होता. ताटात मधोमध खिचडी आणि बाकी ताट मोकळं. सुलोचना बघत उभी राहिली.

"भाऊजी, खिचडीत वाईट काही नाही," ती म्हणाली. "पण ती एकटी बसलीय. तिच्याशेजारी काहीतरी बसवा."

"काय बसवू?"

"काहीही. काकडी चिरा. शेंगदाण्याची चटणी करून ठेवा, आठ दिवस टिकते. कोबी घ्या, मुळा घ्या. पापड भाजा. रोज एकच गोष्ट. दहा मिनिटांच्या वर लागली तर ती करू नका."

कंट्रोल रूमच्या माणसाला अशी सूचना कळते. त्याने वहीत चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, "शेजारी". सोमवारी शेजारी काकडी. मंगळवारी मुळ्याची कोशिंबीर. बुधवारी लिंबू आणि तूप, कारण बाजारात जायचा कंटाळा आला होता. पुढच्या आठवड्यात एक दिवस वांग्याचं भरीत बसलं. भरीत इतकं जमलं की दुसऱ्या दिवशी खिचडीच उठवली आणि भाकरी आणून तिला भरिताशेजारी बसवलं.

त्या दिवशीची वही त्याने कट्ट्यावर आणून दाखवली. शेऱ्यात लिहिलं होतं: "दोनदा घेतलं."

*

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी अर्चना आली. फोनवर म्हणाली होती, "सकाळी येते, संध्याकाळी निघू." त्या 'निघू'मुळे वसंताला आठवडाभर झोप नव्हती.

पगारे चाळीस माणसांचे तिळगूळ करायला तयार होता. निकमने घराच्या तपासणीची यादी केली होती. वसंताने दोघांना हात जोडले. "काही करू नका. मी रोज करतो तेच करणार. पटलं तर पटलं."

त्या दिवशी नऊ वाजले तरी आम्ही तिघं कट्ट्यावरून उठलो नाही. गाडीतून अर्चना एकटीच उतरली, लेकीला तिच्या बाबांकडे ठेवून. केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळं, अंगात ऑफिसचा विटलेला टी-शर्ट. मागच्या सीटवरून तिने मोठी चाकाची बॅग काढली आणि ओढत नेली.

"बॅग रिकामी आहे," पगारे म्हणाला. "आवाजावरनं कळतं."

निकम म्हणाला, "त्याचे कपडे भरायला आणलीय."

तासाभराने वसंता बाहेर आला. रेघांचा शर्ट, बटणं नीट. चेहरा उतरलेला. "नामदेव, जेवायला तू चल."

"मी कशाला?"

"तू बोलत नाहीस म्हणून."

मी गेलो. ताटं मांडलेली होती. भाकरी, भरीत, शेजारी मेथीची कोवळी पानं आणि कांदा, तिळाची चटणी, ताक. अर्चनाने आधी फ्रिज उघडून बघितला. मग वही बघितली. मग जेवायला बसली.

"रोज असं असतं?"

"रोज नाही," वसंता म्हणाला. "काल खिचडी होती."

"आणि हा शर्ट? मी येणार म्हणून?"

"हा शनिवारचा आहे."

तिने भाकरी मोडली. एक खाल्ली, दुसरी घेतली. भरीत संपलं तेव्हा वसंताने आपल्या ताटातलं तिच्या ताटात सरकवलं, तेही खाल्लं. ताक प्यायली. मग ताटाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "किती दिवसांनी बसून जेवले."

हात धुऊन आली आणि खिडकीजवळच्या पलंगावर जरा टेकते म्हणाली. मी आणि वसंताने ताटं उचलेपर्यंत तिला झोप लागली होती.

*

दुपारी तीनला आम्ही चौघंही कट्ट्यावर. ही आमची वेळ नाही, पण घरी कुणाला बसवेना.

"काय ठरलं?" निकमने विचारलं.

"झोपलीय," वसंता म्हणाला.

"ते कळलं. ठरलं काय?"

"झोपलीय. घोरतेय. आईसारखी."

चार वाजले. साडेचार वाजले. वसंता दर दहा मिनिटांनी दारापर्यंत जाऊन, आत बघून, परत येत होता. पगारे म्हणाला, "संध्याकाळी निघायचं म्हणत होती ना? उठव की."

"झोपू दे," वसंता म्हणाला.

पाचला अर्चना बाहेर आली. गालावर उशीच्या घड्या उमटलेल्या. चहाचे पाच कप ट्रेमध्ये घेऊन आली, प्रत्येकाला दिला आणि कट्ट्याच्या कडेला माझ्या शेजारी बसली. माझ्या दुसऱ्या बाजूला वसंता. 

निकमला राहवेना. "मग अर्चना, किती वाजता निघताय? बाबांची बॅग भरायची असली तर मी येतो मोजून द्यायला."

"बॅग राहू द्या काका," ती म्हणाली.

वसंताने कप खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघत नव्हती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. मधे मी.

"नामदेवकाका," ती हळूच म्हणाली, "बाबांना विचारता का, मी बुधवारपर्यंत इथंच राहिले तर चालेल का? ऑफिसचं काम लॅपटॉपवर करीन. त्यांना त्रास देणार नाही."

मी वसंताकडे वळलो. विचारायची गरज नव्हती, त्याने ऐकलं होतं. तरी मी विचारायला तोंड उघडलं, आणि मला वेळ लागतो.

वसंताने शर्टाची बाही नीट केली, समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नामदेव, तिला सांग, राहायचं होतं तर आधी कळवायला पाहिजे होतं. उद्याची मटकी मी एका माणसापुरतीच भिजवलीय."